दोन सेकंद

रायबंदरला फेरीबोटीत चढली तेव्हा चालू होती.
चोडणला उतरताना नाही.
माशांच्या पाट्या उतरल्या, स्कूटरी उतरल्या,
मग पाठीमागून सहा हात,
त्यातले दोन पाववाल्याचे,
आणि आम्ही चढावर.

कायतान म्हणाला, मागच्या सीटला कान लाव.
लावला.
सावनीनं किल्ली अर्धी फिरवली.
काहीच नाही.
"हेंच तें," तो म्हणाला.
तिथं दोन सेकंद घुंगुरट्यासारखी गुणगुण व्हायला हवी.
पंधरा वर्षं होत असणार.
मी एकदाही ऐकली नव्हती.

गाडी ओढून नेणारा फोनवर हिशेब सांगत गेला:
फेरीचं वेगळं, मयेवरून वळसा घातला तर त्याचं वेगळं,
पंप, मजुरी, आणि सोमवारी बघू.
त्याच्याआधी उल्हासचा फोन, इंजिनखोलीतून, ओरडून.
तारवटी माणूस, घराएवढी इंजिनं सांभाळतो.
हात लावू नको, मी आलो की करतो.
येणार मार्चमध्ये.
आम्ही ऑक्टोबरात उभ्या.

म्हापशाहून पंप आणला बसनं,
मांडीवर, केकच्या खोक्यासारखा धरून.

फ्यूज काढला. बॅटरीची काळी तार सोडली.
चारही दारं सताड.
शेजारच्या काकांना विडी घेऊन परत पाठवलं,
ते रागावले.
सीट उचलली तर खाली
मोरजीची वाळू, काजूची बी,
आणि ते कर्कटक, जे हरवलं म्हणून
सावनीला मी एक संध्याकाळ उपाशी ठेवलं होतं.
तिनं ते उचललं, बघितलं, खिशात टाकलं.
बोलली नाही.
मीही स्क्रू ड्रायव्हर शोधत राहिले, जो हातातच होता.

झाकणाचे तीन स्क्रू निघाले.
चौथ्याला रात्रभर खोबरेल.

टाकीच्या तोंडावरचं कडं गंजून एकजीव.
लोखंडावर लोखंड नको, ठिणगी पडेल;
म्हणून खलातला पितळी बत्ता घेतला,
सासूबाईंचा, वेलची कुटायचा.
लाकडी खुंटी टेकवली, ठोकलं.
ठोकलं.
वेलचीचा वास आला की मला तसं वाटलं,
ठाऊक नाही.
कडं बोटभर सरकलं.

पंप सरळ वर येत नाही,
त्याचा तरंगता दांडा आत अडतो.
तिरपा कर, कायतान दारातून म्हणाला,
बाळाचं डोकं सोडवतात तसा,
आणि स्वतःच लाजून विहिरीकडे बघू लागला.
मी तिरपा केला.
कोपरापर्यंत गार पेट्रोल उतरलं.
जाळी काळी होती, कांदळवनाच्या तळाइतकी.
टाकीत डोकावले:
खाली काहीतरी हललं,
माझंच कपाळ होतं.

रबरी कडं नवं घातलं. जुनं फुगलेलं,
शेजारी ठेवून बघितलं तर दीड पट वाटलं.
प्लगची चिमटी तुटली, सुतळीनं बांधली.
सुतळी सांगितलेली नव्हती.

मग सावनी पुढे, मी मागे,
गाल गादीवर टेकून.
किल्ली.
घूं...
दोन सेकंद. थांबलं.
परत कर, मी म्हटलं.
घूं...
परत.
आई, चालू तरी करू दे, ती म्हणाली,
आणि केली.
कोंबड्या उडाल्या.
कायताननं टाळी नाही वाजवली,
फक्त सुतळीकडे बोट दाखवून मान हलवली.

रात्री जेवताना सावनीनं माझा हात हुंगला.
तीनदा साबण, लिंबू, चिंच,
तरी होताच.
बाबांसारखा वास, ती म्हणाली.
त्याचा डिझेलचा, मी म्हटलं, हा पेट्रोलचा.
तिला फरक कळला नाही.
कर्कटक ताटाशेजारी ठेवून ती
निमूट हुमण ओरपत राहिली,
आणि मी माशाची मोठी तुकडी
तिच्या भातावर सरकवली.

अंगणात अजून वास रेंगाळतोय.
तुळशीपुढे आज दिवा नाही.
खाडीकडून वारा सुटला तर
उद्या दोन लावीन.